बुधवारी विहीणबाई तुरुंगात असतात

आमच्या विहीणबाईंनी "कसे आहात?" असं विचारल्यावर "मजेत" एवढंच सांगून सहीसलामत सुटलेला माणूस दिल्ली, नोएडा आणि गाझियाबाद धरून अजून जन्माला यायचाय. तुम्ही-आम्ही कसे आहात विचारतो ते काय उत्तर मिळावं म्हणून? पुढच्या वाक्याला जागा करायची म्हणून. विहीणबाईंचं तसं नाही. त्या विचारतात, मग थांबतात, मान जराशी कलती करतात आणि वाट बघतात. लिफ्ट येते, लिफ्ट जाते, त्या आपल्या वाट बघतच असतात. नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या गार्डाला त्यांनी पहिल्याच दिवशी "कैसे हो भैया?" विचारलं. तो सवयीनं "बढ़िया, आंटीजी" म्हणाला. तर ह्या म्हणतात, "बढ़िया तो ठीक है, पर कैसे हो?" झालं! तो बिचारा आधी हसला, मग इकडेतिकडे बघितलं आणि मग सख्ख्या भावाशी धरलेल्या अबोल्याचं जे सांगत सुटला, की मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, तरी गेट काही उघडेना. तेव्हापासून आमच्या सेक्टरातले निम्मे लोक त्या लांबून दिसल्या की फोन कानाला लावतात. आमचे हे तर बेल वाजण्याच्या पद्धतीवरून ओळखतात आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसतात.

विहीण हे नातंच मुळी भांडायला सोयीचं पडावं म्हणून निघालं असावं, अशी माझी समजूत होती. मी पुण्याची. लेकीनं ऑफिसातला, मूळचा यवतमाळकडचा मुलगा पसंत केला, तेव्हा मी मनातल्या मनात पदर खोचून तयार होते. पण लढायला समोर कुणी आलंच नाही. विहीणबाई तेव्हा नुकत्याच केंद्र सरकारच्या कुठल्याशा कार्यालयातून निवृत्त झाल्या होत्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, राहायला गाझियाबादेत, वैशालीतल्या फ्लॅटमध्ये. म्हणाल्या, "मानपान काही नको जी आम्हाला. फक्त सगळ्यांनी नाव घ्यायचं." मला वाटलं, नवरा-नवरी घेतील नाव, काय बिघडलं? लग्न त्यांच्या पद्धतीनं झालं, बुद्धवंदना झाली, पानं वाढली, आणि बाई पंगतीतून जे फिरायला लागल्या ते उखाणे वसूल करतच. वऱ्हाडी झाले, फोटोग्राफर झाला, केटरर झाला, शेवटी जनरेटर चालवायला आलेल्या सरदारजींनाही बायकोचं नाव यमक जुळवून घ्यायला लावलं आणि त्यांनी ते इतकं ठसक्यात घेतलं, की टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या. आमच्या ह्यांनी एवढ्या वर्षांच्या संसारात मला "अगं" सोडून दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती. त्यांनी भर मांडवात माझं नाव घेतलं आणि घेताना चक्क लाजले. "नाव घेतलं ना, की माणूस उघडतो बाप्पा," असं विहीणबाईंचं शास्त्र. ते शास्त्र पुढं कसं अंगाशी आलं, तेच सांगायचंय.

निवृत्तीनंतर बायका देवदर्शनाला जातात, योगाला जातात, मुलांकडे अमेरिकेला जातात. आमच्या विहीणबाई तुरुंगात गेल्या. म्हणजे दर बुधवारी सकाळी जायच्या, दुपारी बाहेर यायच्या. पण हे नातेवाइकांना फोनवर समजावताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. पुण्याहून नणंदेचा फोन आला, "विहीणबाई काय म्हणतायत?" की मी म्हणायची, "त्या ना, आज तुरुंगात आहेत." पलीकडून, "अगं बाई! काय केलं त्यांनी?" एका संस्थेतर्फे त्या तिथल्या महिला विभागात वर्ग घेतात. आत असलेल्यांपैकीच काही बायकांना शिकवायचं, की आपल्या शेजारची बाई मनानं खचायला लागलीय हे ओळखायचं कसं, तिचं ऐकायचं कसं, काय बोलायचं, काय मुळीच बोलायचं नाही, आणि गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची वाटली तर ताबडतोब मेट्रनला, डॉक्टरला सांगायचं. कारण विहीणबाई म्हणतात ते खरं, डॉक्टर आठवड्यातून कधीतरी भेटणार, पण शेजारच्या अंथरुणावरची बाई रात्रंदिवस तिथंच असते. बायका त्याला "बातों वाली क्लास" म्हणतात. कुणी काय गुन्हा केला, हे विचारायचं नाही असा नियम, आणि आतली नावं बाहेर सांगायची नाहीत हा दुसरा. दुसरा नियम विहीणबाईंनी इतका मनावर घेतला, की प्रत्येकीला एकेका भाजीचं नाव देऊन टाकलं. "आमची भेंडी आज फारच छान बोलली," "पडवळाचं कोर्टात काही खरं नाही," "मिरचीनं मेट्रनला उत्तर दिलं." आमच्या घरी भाजी निवडता निवडता हे चालायचं. मला सांगा, पडवळाचा जामीन फेटाळला गेला म्हटल्यावर त्या दिवशी पडवळ घशाखाली उतरेल का?

आणि मग तुरुंगातल्या सवयी घरात शिरल्या. आत जाताना दर वेळी झडती होते, तेव्हा आता कुठल्याही दारात शिरायच्या आधीच बाईंचे दोन्ही हात आडवे होतात. मेट्रोत ठीक आहे, तिथं पडद्यामागच्या शिपाईण बाईंना तेवढीच मदत. शिवाय तिलाही "खाना खाया? कैसी हो?" होतंच आणि रांग खोळंबते. पण आमच्या दारात? मी दार उघडावं तर ह्या हात पसरून उभ्या. पहिल्यांदा मला वाटलं, मिठी मारायची असेल, म्हणून मी पुढं झाले आणि दोघी अवघडलो. दुसरी सवय बसण्याची. "समोर बसलं की चौकशी होते, बाजूला बसलं की बोलणं होते." हे त्यांचं वाक्य. वर्गात सगळ्या बायका एका ओळीत, भिंतीला पाठ लावून. तसंच बाहेरही. सेक्टर अठराच्या हॉटेलात छोले-भटुरे खायला गेलो तर आम्हा चौघांना त्यांनी टेबलाच्या एकाच बाजूला बसवलं, समोर चार रिकाम्या खुर्च्या. वेटर तीनदा येऊन विचारून गेला, "और लोग आ रहे हैं क्या?" ह्यांचं कोपर माझ्या दह्यात, माझं कोपर जावयाच्या लोणच्यात. पण एक सांगते, जावई एरवी माझ्याशी "हो आई, नाही आई" एवढंच बोलतो, त्या दिवशी तो कधी नव्हे ते नोकरीतल्या कटकटीबद्दल घडाघडा बोलला.

तिसरी खोड म्हणजे "सगळं ठीक होईल" या वाक्याशी त्यांचं उभं वैर. ते म्हणायचं नाही. "तुम्हाला काय माहीत, होईल का नाही? ते वाक्य आपण आपली सुटका करून घ्यायला म्हणतो." माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा यच्चयावत माणूस येऊन सांगून गेला, काही होत नाही हो, आजकाल अगदी सोपं झालंय, सब ठीक हो जाएगा. ह्या आल्या, पलंगावर माझ्या शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "भीती वाटून राहिली ना? वाटणारच." मला असा राग आला! म्हटलं, ही कुठली रीत धीर द्यायची? आणि दुसऱ्या क्षणी मी जी रडायला लागले ती थांबेचना. रडून झाल्यावर छान भूक लागली. ह्यांनी बाथरूमचा नळ बंद करून बाहेर डोकावून बघितलं तेव्हा आम्ही दोघी पोहे खात होतो.

आता कोबीचं सांगते. कोबी म्हणजे त्यांच्या वर्गातली एक बाई, वयानं तिशीची असावी. तुरुंगात आल्यापासून ती कुणाशी बोललीच नव्हती. मुकी नव्हे, आधी बोलायची म्हणे. कोर्टातही मान हलवूनच काम भागवायची. मेट्रननं तिला वर्गात आणून बसवली, शिकायला नव्हे, निदान चार माणसांत बसेल म्हणून. पानावर पान मिटलेलं, म्हणून ती कोबी. विहीणबाईंचा तिच्यावर भारी जीव. "आज कोबीनं माझ्याकडे बघितलं," "आज कोबी रांगेत आधी येऊन बसली." दर बुधवारी संध्याकाळी फोन यायचा, आणि मीही, खोटं कशाला बोलू, त्या फोनची वाट बघायला लागले होते. तिनं बोलावं, एवढी एकच गोष्ट त्या वर्षात आम्हा दोघींना हवी होती. मंडईत कोबीचा गड्डा उचलताना माझा हात हलका व्हायचा.

ऑक्टोबरात करवा चौथ आला, बायकांनी नवऱ्यासाठी धरायचा उपास. दिल्लीकडे त्या दिवसांचं प्रस्थ तुम्हाला माहीतच आहे, मेंदीवाल्या फुटपाथवर, चाळण्या दुकानात टांगलेल्या. आत मात्र बायकांचे चेहरे उतरलेले. विहीणबाईंना बघवेना. आणि मराठी बाईला बायकांचा घोळका उदास बसलेला दिसला, तर तिला जे सुचेल तेच ह्यांना सुचलं. म्हणाल्या, "चलो, आज हम सब नाम लेंगे! हमारे में ऐसा होता है, दो लाइन जोड़ने की, और उसमें पति का नाम." अहो, निम्म्या उत्तर हिंदुस्थानात बायका नवऱ्याचं नाव तोंडानं उच्चारत नाहीत. आणि हा तुरुंग! तिथं कोण नवऱ्यापायी आलेली, कोण नवऱ्यासाठी आलेली, कोण नवऱ्याच्या जोडीनं आलेली. कुणाचं काय, हे नियमाप्रमाणे ह्यांना ठाऊकच नाही. मग मिरची म्हणाली, "ले लूँगी, पर पहले वकील साहब से पूछना पड़ेगा," आणि जो हशा फुटला! भेंडीनं तर नवऱ्याला शिव्या गुंफून असा काही उखाणा घेतला, की दारातली शिपाईण तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली. विहीणबाई रंगात आल्या. पाळी सरकत सरकत कोबीपाशी आली. आणि आपल्याकडे लग्नघरात म्हणतात ना अगदी त्याच सुरात त्या म्हणाल्या, "ले ना गं, शरमाती क्यों है?" कोबी उठली. खोलीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वर्ग संपला तरी वळली नाही.

दोन दिवसांनी संस्थेचा फोन आला. तुमच्या वर्गातली एक महिला बुधवारपासून जेवत नाहीये, तिच्यावर लक्ष ठेवलंय, अधीक्षक मॅडम नाराज आहेत, पुढचा निरोप येईपर्यंत वर्ग बंद. आत फोन करता येत नाही, चिठ्ठी पाठवता येत नाही, कुणाला विचारता येत नाही. विहीणबाई यमुना बँक स्टेशनवर मेट्रो बदलून आमच्याकडे आल्या. मी दार उघडलं तर हात खाली. आत आल्या, बाल्कनीतल्या खुर्चीवर बसल्या आणि बाहेरच्या धुरकट हवेकडे बघत राहिल्या. हे सवयीप्रमाणे नळ सोडून बसले होते. बऱ्याच वेळानं बाहेर आले, त्यांच्या समोरून दोनदा गेले, मग स्वयंपाकघरात येऊन हळूच मला म्हणाले, "अगं, त्यांनी मला काही विचारलं नाही." पुन्हा गेले आणि, तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आपण होऊन म्हणाले, "विहीणबाई, माझी कंबर फार दुखतेय हो हल्ली." कंबर ठणठणीत होती! विहीणबाई म्हणाल्या, "अस्सं." बस्स, एवढंच. तेव्हा मात्र मला भीती वाटली. ही बाई गप्प बसावी म्हणून मी किती वेळा मनातल्या मनात देवाला साकडं घातलं असेल, आणि आता ती गप्प बसली तर मला घर खायला उठलं.

चहा निवून गेला तेव्हा त्या बोलल्या. "ऐकायचं कसं ते शिकवायला गेली मी, आणि माझंच तोंड चालू. तिला सांगत होती मी बोल बोल, पण ती इतके दिवस न बोलून काय सांगून राहिली होती, ते ऐकलंच नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिनं जिवाचं बरंवाईट करून घेतलं तर, विहीणबाई?" माझ्या अगदी ओठांवर आलं होतं ते नेहमीचं वाक्य. गिळलं. दुसरं काही सुचेना, तेव्हा मटार सोलायला घेतले आणि निम्मे त्यांच्यापुढे सरकवले. रोज येत राहिल्या. रोज मटार. आमच्याकडे त्या आठवड्यात मटार-उसळ, मटार-भात, मटार-करंजी, कशाला काही सुमार नव्हता.

आणि एका दुपारी त्यांचा फोन वाजला. अधीक्षक मॅडम स्वतः. विहीणबाईंनी फोन माझ्या हातात कोंबला आणि मीच तो उचलून स्पीकरवर लावला. मॅडम मोजकं बोलणाऱ्या आणि कडक. म्हणाल्या, "मॅडम, आपकी क्लास ने मेरी नाक में दम कर रखा है." विहीणबाईंनी डोळे मिटले. पुढं जे ऐकलं ते असं. त्या बुधवारी संध्याकाळी कोबीचं ताट तसंच परत गेलं, तेव्हा ते मेट्रनला जाऊन सांगणाऱ्या भेंडी आणि मिरचीच होत्या. नुसतं सांगितलं नाही, डॉक्टरला बोलवा म्हणून दारात ठाण मांडून बसल्या. बरोबर हेही सांगितलं, की नावाच्या खेळानंतर हे झालं, आमच्या आंटींची चूक झाली. मग परवानगी काढून कोबीच्या दोन्ही बाजूंना अंथरुणं बदलून घेतली, पाळ्या लावल्या, तिला एकटीला म्हणून सोडली नाही. डॉक्टर येऊन गेल्या, औषध सुरू झालं. कुणी तिला बोल म्हटलं नाही, कुणी खा म्हटलं नाही, नुसत्या बसून राहिल्या. "और कल," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज जरा मऊ झाला, "कल उसने खाना खाया. और बोली." विहीणबाईंच्या आधी मीच ओरडले, "क्या बोली?" मॅडम म्हणाल्या, "बोली, दाल में नमक कम है."

अहो, काय सांगू! विहीणबाई हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या, मटारांची परात उलटी झाली. "माझी तक्रार माझ्याच पोरींनी केली! बरोब्बर शिकवलं तसं! चूक माझी, हेही सांगितलं भवान्यांनी!" असा अभिमान मी त्यांच्या चेहऱ्यावर मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. आठवडाभर आपण नीट श्वासही घेतला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. आणि डोळे पुसून त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर त्या ह्यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आता सांगा, कंबर कशी आहे?" हे सापडले. त्या खोट्या कंबरेचं दुखणं त्यांना पाऊण तास सांगावं लागलं, आणि शेवटी ते खरोखरच कंबर धरून उठले.

वर्ग पुन्हा सुरू झाला. नवऱ्यांची नावं नकोत, अशी मॅडमनी तंबी दिली. विहीणबाईंनी सगळ्यांसमोर कोबीची माफी मागितली. कोबी काही बोलली नाही, फक्त जरा सरकून तिनं सतरंजीवर त्यांना जागा करून दिली. नंतरही वर्गात ती गप्पच असायची. बराकीत बोलते, असं बाकीच्या सांगायच्या, कमीच पण बोलते. विहीणबाई म्हणायच्या, "तिला माझ्याशी बोलायलाच पाहिजे असं काही आहे का?" पण म्हणताना चेहरा जरा पडायचा. मग एका बुधवारी ती रांगेत नव्हती. जामीन झाला होता. कुठं गेली, कुणाकडे गेली, विचारायची सोय नाही. आणि बाहेर कधी दिसलीच तर आपण होऊन ओळख द्यायची नाही, हा तिसरा नियम. ती कुणाबरोबर असेल, तिनं घरी काय सांगितलं असेल, आपल्याला काय ठाऊक? त्या संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला, "सुटली हो," एवढं म्हणाल्या, आणि मग दोघी नुसत्याच फोन धरून बसलो.

परवा नातवाच्या बारशाच्या खरेदीला आम्ही करोल बागेत गेलो होतो. एका कापडाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या काउंटरवर एक बाई दुकानदाराला फैलावर घेत होती, "अरे भैया, लूट मचा रखी है क्या? ये रंग तो एक धुलाई में निकल जाएगा! मुझे मत सिखाओ!" असा खणखणीत आवाज, की वरच्या माळ्यावरून कापड खाली टाकणारा माणूसही थांबून बघायला लागला. मला हसू आलं. तेवढ्यात विहीणबाईंनी माझं मनगट असं काही आवळलं, की बांगडी रुतली. त्या बाईनं मान वळवली. बरोबर एक म्हातारी होती, आई असावी किंवा सासू. त्या भांडणाऱ्या बाईची आणि विहीणबाईंची नजर एक झाली. रस्त्यावरच्या परक्या माणसाला गाठून चौकशी करणाऱ्या आमच्या विहीणबाई, त्यांनी हातातला दुपट्टा उगाचच उलगडला आणि त्याच्या काठाकडे बघत राहिल्या. ती पण वळली आणि पुन्हा दुकानदाराशी भांडायला लागली, मघापेक्षाही जोरात, आणि भाव उतरवून घेतलाच. मग म्हातारीचा हात धरून गर्दीतून वाट काढत निघून गेली.

आम्ही काहीच न घेता बाहेर पडलो. मेट्रोत बसायला जागा मिळाली, राजीव चौक गेलं, मंडी हाउस गेलं, तरी विहीणबाई काही बोलेनात. डोळे भरलेले, आणि ओठ हसू दाबून धरलेले. यमुनेचा पूल आला तेव्हा म्हणाल्या, "वर्षभर माझ्या वर्गात होती बाप्पा. आवाज आज ऐकला."